नवी रायफल की जुनी? इंदूरच्या नेमबाजांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधल्या मराठी घरांतून नेमबाजी शिकायला येणाऱ्या मुलामुलींचे पालक, नव्याने परवाना मिळालेले काही हौशी नेमबाज आणि घरात वाडवडिलांची बंदूक असलेली काही कुटुंबे गेली अनेक वर्षे मला जे प्रश्न विचारत आली आहेत, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. त्या जागी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सेमी-ऑटोमॅटिक रायफल म्हणजे नेमके काय? ती बोल्टच्या रायफलीपेक्षा वेगळी कशी?

सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते. मात्र रिकामे काडतूस बाहेर फेकणे आणि पुढचे काडतूस मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसांच्या पेटीतून, नळीत सरकवणे ही कामे सुटलेल्या गोळीच्या जोरावर रायफल स्वतःच करते. बोल्ट-अॅक्शनमध्ये ही कामे प्रत्येक वेळी हाताने बोल्ट मागेपुढे करून करावी लागतात. राष्ट्रीय छात्र सेनेत ज्यांनी पॉइंट २२ डीलक्स रायफल चालवली आहे, त्यांच्या हाताला ही सवय असते. चाप दाबून धरल्यावर गोळ्या सुटतच राहतात ते शस्त्र पूर्ण स्वयंचलित होय, आणि त्याचा येथे विचारच नाही.

२. नेमबाजीच्या स्पर्धेसाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतली तर चालेल का?

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार होणाऱ्या १० मीटर आणि ५० मीटर रायफल स्पर्धांत चालणार नाही. या स्पर्धांत एका वेळी एकच छरा किंवा एकच काडतूस हाताने भरायचे असते. सेमी-ऑटोमॅटिक शस्त्राला स्थान आहे ते २५ मीटर पिस्तुलाच्या प्रकारांत. रॅपिड फायरमध्ये पाच गोळ्या आधी ८, मग ६ आणि शेवटी ४ सेकंदांत झाडायच्या असतात. लंडन २०१२ मध्ये याच प्रकारात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार आपल्या शेजारच्या महूतील आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयार झाले. त्यामुळे महूचे नाव ऐकून “आम्हालाही तसेच शस्त्र हवे” असे म्हणत येणारे पुष्कळ असतात. ते पिस्तूल होते, रायफल नव्हती, हे त्यांना प्रत्येक वेळी सांगावे लागते.

३. मग परवाना काढून हौसेसाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल मिळेल का?

साधारण नागरिकाने ही अपेक्षा ठेवू नये. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील नियम यांत शस्त्रांचे वर्ग पाडलेले आहेत. ३०३ किंवा ७.६२ मि.मी. बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास), म्हणजे लष्करी काडतूस ज्यांत बसते अशा बोल्ट व सेमी-ऑटोमॅटिक रायफली प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. त्यांचा परवाना जिल्हा दंडाधिकारी देऊ शकत नाहीत, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे. परवानाधारकाला आपल्याकडे सहसा जी रायफल मिळते ती आयुध निर्माणीची ३१५ बोअरची बोल्ट-अॅक्शन. परदेशातील नागरिक सेमी-ऑटोमॅटिक रायफल नवी घ्यावी की वापरलेली यावर जी चर्चा करतात, ती वाचून इंदूरमध्ये निर्णय घेता येत नाही. तेथील कायदा वेगळा आहे आणि बाजारही वेगळा आहे.

४. म्हणजे आमच्यापुढे खरी निवड कोणत्या रायफलींची आहे?

बहुतेकांपुढे ४.५ मि.मी. छऱ्याच्या एअर रायफलीची आणि थोड्यांपुढे पॉइंट २२ बोअरच्या मॅच रायफलीची, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेल्या रायफलीची. एअर रायफलीतही दोन वाटा आहेत. आपल्याकडच्या स्पर्धांत साध्या माशीचा, म्हणजे ‘ओपन साइट’ प्रकार वेगळा असतो आणि बारीक छिद्रातून नेम धरण्याचा ‘पीप साइट’ प्रकार वेगळा असतो. पहिल्यासाठी भारतीय बनावटीची साधी रायफल पुरते. दुसऱ्यासाठी दाबाखालील हवेच्या सिलिंडरवर चालणारी मॅच रायफल लागते आणि खर्चाचा खरा प्रश्न तेथेच उभा राहतो. पुढील बहुतेक उत्तरे या रायफलीविषयी आहेत. पॉइंट २२ साठी प्रश्न ११ व १२ पाहावेत.

५. एअर रायफलीला परवाना लागतो का?

नळी ४.५ मि.मी. म्हणजे पॉइंट १७७ पेक्षा मोठी नसेल आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० जूलपेक्षा अधिक नसेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. मॅच रायफलीतून सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने सुटतो. हिशेब केला तर ऊर्जा ८ जूलच्या आसपास येते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. तरीही विक्रेता ओळखपत्राची प्रत मागतो. ती द्यावी आणि पक्के बिल घ्यावे. जुनी रायफल खासगी व्यक्तीकडून घेतानाही रायफलीच्या क्रमांकासह लेखी पावती करावी. ‘शिकारीसाठी जोरदार’ म्हणून कोणी मोठ्या बोअरची एअरगन देऊ करत असेल, तर ती या सवलतीत बसत नाही. शिवाय कबुतरे किंवा माकडे हाकलण्यासाठी एअर रायफल घेणाऱ्यांना मी मदत करत नाही.

६. मुलगी १२ वर्षांची आहे आणि दोन महिन्यांपासून शिकते आहे. आता रायफल घेऊन टाकावी का?

अजिबात नाही. निदान सहा महिने क्लबच्या रायफलीवर काढावेत. या वयात दर वर्षी उंची, हातांची लांबी आणि खांद्याची रुंदी बदलते आणि आज बेतून बसवलेला दस्ता पुढच्या दिवाळीपर्यंत तोकडा पडतो. मॅच रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत चालते, आणि प्रौढांसाठीची रायफल चार-पाच किलोंची असतेच. लहान मुलांना ती पेलवत नाही. मग ते कंबर वाकडी करून तोल साधतात आणि ही वाकडी सवय पुढे मोडता मोडत नाही. आधी जॅकेट, पॅन्ट आणि बूट यांवर खर्च करावा, हा माझा नेहमीचा सल्ला असतो. पालकांना तो फारसा आवडत नाही, कारण जॅकेटचा फोटो रायफलीच्या फोटोइतका शोभत नाही.

७. सरळ सांगा: पहिली रायफल जुनी घ्यावी की नवी?

पहिली जुनी आणि दुसरी नवी. पण ही जुनी रायफल ओळखीच्या नेमबाजाकडची, कागदपत्रांसह आणि प्रशिक्षकाने तपासलेली असावी.

परदेशी बनावटीची नवी मॅच रायफल दोन-अडीच लाखांच्या घरात किंवा त्याच्याही पुढे जाते. फाइनवेर्कबाउ, वॉल्थर, स्टायर, अंशुट्झ या नावांची रायफल आठ-दहा वर्षे नीट वापरली, तरी तिच्या नळीचा नेम ढळत नाही. याचे कारण प्रश्न ९ मध्ये आहे. झिजतात ते रबराचे भाग, स्प्रिंगा आणि सिलिंडर. हे सारे बदलता येते आणि त्यांचा खर्च आधी काढता येतो. माझा ठोकताळा असा की जुन्या रायफलीची किंमत आणि तिची दुरुस्ती मिळून नव्याच्या दोन-तृतीयांशाच्या आत बसत असेल तर जुनी घ्यावी. त्याच्या वर आकडा गेला तर थोडे थांबून नवी घ्यावी.

नवी आधी घ्यावी असे दोन प्रसंग येतात. नेमबाज राज्य पातळीवर स्थिर गुण मिळवू लागला असेल आणि शरीराची वाढ पूर्ण झाली असेल, तर स्वतःच्या मापाची नवी रायफल पुढे दहा वर्षे साथ देते. दुसरा प्रसंग म्हणजे गावात जाणकार कोणी नसणे. तपासणाराच नसेल तर जुन्या रायफलीतली बचत हा जुगार होतो.

८. जुनी रायफल पाहायला जाताना काय काय तपासावे?

आधी क्रमांक पाहावा. रायफलीच्या मुख्य भागावर कोरलेला क्रमांक, पेटीवरचा क्रमांक आणि कारखान्याने सोबत दिलेल्या चाचणी-लक्ष्याच्या कागदावरचा क्रमांक हे तिन्ही जुळले पाहिजेत. तो छोटा कागद ज्याने वर्षानुवर्षे जपून ठेवला आहे, त्याने रायफलही जपली असण्याची शक्यता मोठी असते.

मग स्क्रू पाहावेत. डोकी घासलेली किंवा खाचा मोडलेल्या दिसल्या, तर चुकीच्या पेचकसाने कोणीतरी ती उघडली आहे. मालक “कधीच उघडली नाही” म्हणत असला, तरी स्क्रूवर विश्वास ठेवावा.

तिसरी गोष्ट हवेची गळती. सिलिंडर २०० बारपर्यंत (बार हे हवेच्या दाबाचे माप) भरून घ्यावा, तो रायफलीला लावावा, मापकाचा फोटो काढावा आणि रायफल रात्रभर तशीच ठेवून सकाळी पुन्हा पाहावे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यासाठी मी स्वतः घाईत एक रायफल पसंत केली. विक्रेत्याच्या घरी मापकाचा काटा २०० वर होता, पैसे दिले, घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच काटा १४० च्या खाली आलेला. सांध्यावर साबणाचे पाणी लावले तेव्हा मोहरीएवढा एकच बुडबुडा फुगत होता, फुटत होता आणि पुन्हा फुगत होता. दोष एका ओ-रिंगचा, म्हणजे सांध्यातल्या रबरी कडीचा होता, किंमत नगण्य होती. पण ती ओ-रिंग बसवणारा मिळेपर्यंत मुलाचे तीन आठवडे गेले आणि त्याच काळात त्याची स्पर्धा होऊन गेली.

चौथी तपासणी पीप साइटची. रायफल टेकूवर स्थिर ठेवून पाच छरे मारावेत. मग साइट दहा क्लिक उजवीकडे आणि दहा क्लिक परत डावीकडे फिरवून आणखी पाच मारावेत. दुसरा गट पहिल्याच जागी पडला पाहिजे. तसा तो पडला नाही तर साइटचे आटे झिजले आहेत, आणि चांगली साइट स्वस्त नसते. गट किती लहान हवा, असे विचारतात. १० मीटरवर टेकूवरून पाच छऱ्यांचे जवळजवळ एकच भोक पडले पाहिजे. दहाच्या रिंगणाचा ठिपका अवघा अर्धा मि.मी. असतो. त्यामुळे येथे ‘चालून जाईल’ असे काही नसते.

शेवटी चाप. रायफलीत छरा नाही याची स्वतः खात्री करून ती सज्ज करावी आणि नळी सुरक्षित दिशेला धरून दस्त्याला तळहाताने हलके ठोके द्यावेत. ठोक्याने चाप सुटला तर झिज आहे किंवा कोणीतरी तो अति हलका करून ठेवला आहे. अशी रायफल दुरुस्त झाल्याशिवाय मुलाच्या हाती देऊ नये.

९. विक्रेता म्हणतो, “फक्त दहा हजार छरेच मारले आहेत.” यावर किती विश्वास ठेवावा?

आकड्यावर ठेवू नये आणि त्याची फारशी चिंताही करू नये. एअर रायफलीत दारू जळत नाही, ज्वाला नाही, उष्णता नाही. मऊ शिशाचा छरा पोलादी नळीतून थंड हवेवर सरकतो. त्यामुळे नळी झिजत नाही म्हटले तरी चालेल. ती बिघडते गंजाने, धातूच्या सळईने चुकीची साफसफाई केल्याने किंवा रायफल पडल्याने. इंदूरचा मे महिना कोरडा असतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये पेटीतल्या फोममध्ये ओल धरते आणि महिनाभर न उघडलेल्या पेटीतली रायफल तांबूस ठिपके घेऊन बाहेर येते. म्हणून किती छरे मारले हे विचारण्यापेक्षा गेले तीन पावसाळे ती कुठे ठेवली होती, हे विचारावे.

१०. रायफल उत्तम आहे, पण सिलिंडरची मुदत संपली आहे. घ्यावी का?

घ्यावी, पण सिलिंडरची किंमत शून्य धरून. सिलिंडरवर निर्मितीचा महिना आणि वर्ष कोरलेले असते आणि अनेक युरोपीय सिलिंडरांची मुदत १० वर्षांची असते. मुदतीत असलेला सिलिंडर वापरणे ही आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नेमबाजाचीच जबाबदारी आहे. स्पर्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी २०० बार म्हणजे मोटारीच्या टायरच्या सुमारे शंभरपट दाब गालापासून वीतभर अंतरावर असतो. नवा सिलिंडर मिळायला वेळ लागतो, म्हणून त्याच मॉडेलचा सिलिंडर अजून मिळतो का, याची चौकशी पैसे देण्याआधी करावी. सिलिंडरमध्ये फक्त कोरडी स्वच्छ हवा भरावी. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन कधीही भरू नये, कारण तेलाच्या अंशाशी त्याचा स्फोट होऊ शकतो.

११. पॉइंट २२ ची जुनी मॅच रायफल मिळते आहे. तिच्यात वेगळे काय पाहावे?

हिच्यात दारू जळते, त्यामुळे प्रश्न ९ मधले समाधान येथे लागू नाही. काडतूस जेथे बसते त्या खोबणीच्या थोडे पुढे, नळीच्या तळाच्या बाजूला, हजारो गोळ्यांनंतर खरखरीत पट्टा तयार होतो. जाणकार शस्त्रदुरुस्तीकार बारीक कॅमेऱ्याने तो दाखवू शकतो. नळी चांगली असेल तर बोल्ट, फायरिंग पिन आणि काडतूस ओढणारा आकडा पाहावा. आयातीवरील निर्बंधांमुळे आपल्याकडे परदेशी रायफल मुबलक मिळत नाही. म्हणून जुन्या पॉइंट २२ ला कधी कधी नव्यापेक्षाही अवास्तव किंमत सांगितली जाते. त्या किमतीत टंचाईचा वाटा मोठा असतो, हे मनात ठेवून घासाघीस करावी.

१२. परवान्यावरची जुनी रायफल ओळखीच्या माणसाकडून थेट विकत घेता येते का?

येते, पण आज पैसे आणि आज रायफल असे करता येत नाही. खरेदीदाराकडे त्या बोअरचा वैध परवाना असला पाहिजे. विकणाऱ्याने आपला हेतू आणि खरेदीदाराचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबले पाहिजे. अधिनियमाच्या कलम ५ मध्ये हे आहे. ज्यांना हा खटाटोप नको, त्यांनी परवानाधारक विक्रेत्यामार्फत व्यवहार करावा. सामान्य परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागते. त्याखालील नेमबाजांसाठी नियमांत वेगळी तरतूद आहे आणि ती वाट क्लब व राज्य संघटनेमार्फतच जाते.

क्रमांक घासलेला किंवा पुन्हा कोरल्यासारखा दिसला, तर रायफल हातातही घेऊ नये. ओळखखूण पुसलेले शस्त्र बाळगणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे.

१३. आजोबांच्या परवान्यावर पॉइंट २२ ची जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल आहे. ती ठेवावी, विकावी की तिच्याऐवजी दुसरी घ्यावी?

होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थिरावलेल्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो आणि तो विचारताना आवाज जरा हळवा झालेला असतो.

पहिले काम कागदाचे. वारसाहक्काने शस्त्र घेण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतरच नव्हे, तर त्याचे वय ७० झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, हयातीतही ते वारसाला देता येते. मात्र २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे बाळगता येतात, आणि वारशाचे शस्त्रही या दोनांतच मोजले जाते. म्हणून घरातल्या कोणाच्या नावावर जागा आहे ते आधी ठरवावे. परवान्यावर तिची नोंद कोणत्या वर्गात आहे, हे परवाना शाखेकडून लेखी घ्यावे. जुन्या नोंदींत केवळ ‘पॉइंट २२ रायफल’ एवढेच लिहिलेले आढळते आणि सेमी-ऑटोमॅटिक असल्याचा उल्लेख नसतो. हा प्रश्न विकताना उभा राहण्यापेक्षा आधी सुटलेला बरा.

दुसरे काम यंत्राचे, आणि ते परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच करावे. अशा रायफलीत बोल्ट मागे जाताना जळलेल्या दारूची काजळी आत साचते आणि जुन्या तेलाशी मिळून तिचा डांबरासारखा थर होतो. मॅगझिनचे ओठ वाकले की काडतूस तिरके चढते, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मॉडेलचे मॅगझिन आता मिळत नाही. सर्वांत गंभीर दोष म्हणजे चापाची आतली अडणी झिजून एका दाबात दोन गोळ्या सुटणे. असे एकदा जरी झाले, तरी रायफल त्याच क्षणी वापरातून काढावी. धोका तर आहेच, शिवाय कायद्याच्या दृष्टीनेही ती अडचणीची ठरू शकते.

माझे मत विचाराल तर आठवण म्हणून ठेवायची असल्यास रीतसर ठेवावी. पण तिच्यावर नेमबाजी शिकण्याचा विचार सोडावा, कारण स्पर्धेत तिला जागा नाही (प्रश्न २).

१४. भारतीय बनावटीची नवी घ्यावी की परदेशी जुनी?

ओपन साइटसाठी भारतीय नवी. पीप साइटसाठी मी दहापैकी सात वेळा परदेशी जुनी सुचवतो. उरलेल्या तीन वेळांत दुरुस्ती आणि सुटे भाग जवळ मिळणे अधिक महत्त्वाचे असते, तेव्हा भारतीय नवी सिलिंडर रायफल शहाणपणाची ठरते.

१५. मुलगा डावखुरा आहे. उजव्या हाताची जुनी रायफल चालेल का?

आधी त्याचा प्रबळ डोळा कोणता आहे ते प्रशिक्षकाकडून पाहून घ्यावे. डावखुऱ्या मुलाचा डोळा उजवा प्रबळ असू शकतो. डावाच प्रबळ असेल, तर मूठ आणि गालाचा आधार बदलता येतील असेच मॉडेल घ्यावे. लाकडी, एकसंध दस्त्याची उजव्या हाताची रायफल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

१६. निवडणुकीच्या काळात रायफल ठाण्यात जमा करावी लागते का?

परवान्याची शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. क्रीडापटूंना त्यातून सूट मिळू शकते, पण ती आपोआप मिळत नाही. संघटनेचे सदस्यत्व आणि आगामी स्पर्धेचे पत्र जोडून वेळेत अर्ज करावा लागतो. जमा केलीच, तर पावतीवर क्रमांकाबरोबर रायफलीची स्थितीही लिहून घ्यावी. परवाना न लागणाऱ्या एअर रायफलीसाठी बिलाची प्रत जवळ असली की पुरते.

१७. भोपाळला किंवा त्याहून लांब स्पर्धेला जाताना काय काळजी घ्यावी?

बिल किंवा परवाना, स्पर्धेचे प्रवेशपत्र आणि ओळखपत्र एकाच पाकिटात पेटीबाहेर ठेवावे. विमानाने जात असल्यास रायफल घोषित करून सामानात द्यावी लागते आणि सिलिंडर रिकामा असावा लागतो. परतीच्या प्रवासात तो रिकामा करायला विसरून विमानतळावर घामाघूम झालेली मंडळी मी पाहिली आहेत.

१८. दोन वर्षांनी मुलाने खेळ सोडला, तर पैसे परत मिळतील का?

जुनी घेतली असेल तर बरेचसे मिळतात. नव्या रायफलीची किंमत पेटी उघडली त्याच दिवशी घसरते, जुनीची ती घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. मूळ पेटी, चाचणी-लक्ष्याचा कागद, किल्ल्या, दुसरा सिलिंडर आणि दुरुस्तीच्या पावत्या सांभाळून ठेवाव्यात. नवा खरेदीदार प्रश्न ८ मधली यादी घेऊनच तुमच्या दारात येणार आहे.